मी ‘मार्शलनिष्ठ’ कशी ठरले? गिटारिस्ट, अ‍ॅम्प आणि निष्ठा मोजणारी एक प्रश्नावली

मागच्या महिन्यात मुलुंडच्या एका ज्युनिअरने मला तिच्या एमएस्सी प्रोजेक्टची प्रश्नावली पाठवली. विषय होता मुंबई उपनगरांतल्या गिटारिस्टची अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीतली ब्रँडनिष्ठा. तिला उत्तरं देणारे हवे होते आणि मी थोडीफार गिटार वाजवते, म्हणून लोकलमध्ये बसल्या बसल्या भरून टाकली.

प्रश्न साधारण असे होते. तुम्ही कोणत्या कंपनीचा अ‍ॅम्प वापरता? किती वर्षं? गेल्या वर्षभरात दुसऱ्या कंपनीचा किती वेळा वापरलात? आवाजाबद्दल किती समाधानी आहात, १ ते ५? ही कंपनी का निवडलीत?

मी प्रामाणिकपणे लिहिलं: मार्शल, सहा वर्षं, क्वचितच, ४, ‘आवाज आवडतो’. तिच्या गुणांकनात मी थेट ‘उच्च निष्ठा’ गटात जाऊन बसले.

गंमत अशी की मी आयुष्यात एकदाही मार्शलचा अ‍ॅम्प विकत घेतलेला नाही. अंधेरीत एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात आम्ही तासावर जी जॅमरूम घेतो, तिथे मार्शल ठेवलेला आहे. इतकंच. उद्या मालकाने तो काढून दुसरा आणला तर मी त्याला जॅक लावेन आणि सोमवारी माझी ‘निष्ठा’ बदललेली असेल.

तरी मी तिला ‘छान आहे, पाठव पुढे’ असा मेसेज केला. दोन दिवसांनी मला माझंच उत्तर खटकायला लागलं आणि तिला फोन केला. हा लेख म्हणजे तोच फोन, जरा सविस्तर. तिच्या परवानगीने लिहिते आहे, कारण ही चूक तिच्या एकटीची नाही. सवय, पसंती, निष्ठा असले शब्द मोजायला निघालेल्या बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये ती असते. तुम्ही पेट देऊन पुढच्या तयारीत असाल तर तुमच्याही असेल.

माझा मुद्दा एकच आहे: समोर पर्याय किती होते हे न विचारता निष्ठा मोजता येत नाही. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

आधी थोडं अ‍ॅम्पबद्दल

गिटार न वाजवणाऱ्यांसाठी: इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, फार तर काहीशे मिलिव्होल्ट. अ‍ॅम्पमधला पहिला टप्पा, प्रीअ‍ॅम्प, तो वाढवतो आणि त्याचा पोत ठरवतो. दुसरा टप्पा, पॉवर अ‍ॅम्प, स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. तिसरा भाग म्हणजे स्पीकर आणि त्याची पेटी.

घरच्या म्युझिक सिस्टीमकडून आपण अपेक्षा करतो की तिने गाण्यात स्वतःचं काही मिसळू नये. गिटारच्या अ‍ॅम्पचं उलट आहे. त्याने मिसळायचंच असतं. मुद्दाम सिग्नल कापायचा, विकृत करायचा, त्यातून ती करकरीत ‘डिस्टॉर्शन’ काढायची. गिटारचे स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर भराभर आवाज गाळतात, आणि तेही हवंच असतं. म्हणजे अ‍ॅम्प हे नुसतं आवाज मोठा करणारं यंत्र नाही, ते वाद्याचा अर्धा भाग आहे. त्यामुळे गिटारिस्ट मार्शल की फेंडर यावर तावातावाने बोलतात तेव्हा ते सगळं पोकळ नसतं. त्यातलं पोकळ किती आणि भरीव किती, हेच तर संशोधनाने सांगायचं आहे.

एका गिटारिस्टचे तीन अ‍ॅम्प

आता प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न घ्या: ‘तुम्ही कोणत्या कंपनीचा अ‍ॅम्प वापरता?’ बोरिवली ते अंधेरी किंवा मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात बँडमध्ये वाजवणाऱ्या कुठल्याही मुलामुलीला हा प्रश्न विचारा. खरं उत्तर एक नसतं, तीन असतात.

पहिला अ‍ॅम्प घरचा. तो बहुधा स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या पैशाने घेतलेला, लहान. स्ट्रेंजरचा छोटा क्यूब किंवा त्याच आकाराचं काहीतरी. तो ठरतो खोलीच्या मापाने आणि शेजाऱ्यांच्या सहनशक्तीने. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आता ५० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या खऱ्या रंगात यायला जितका वाढवावा लागतो, तितका वाढवला की सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. तेव्हा इथे निवड कंपनीच्या नावाआधी आवाजाच्या मर्यादेने होते. पुष्कळजण तर सरळ हेडफोनवर वाजवतात.

दुसरा अ‍ॅम्प जॅमरूमचा. तो मालकाने निवडलेला असतो आणि मालकाचे निकष वेगळे असतात: दिवसाला पाच-सहा बँड वापरणार, कोणीही कसंही नॉब पिळणार, तरी तो टिकला पाहिजे आणि बिघडला तर दुरुस्त झाला पाहिजे.

तिसरा स्टेजवरचा, म्हणजे बॅकलाइन. कार्यक्रमाच्या आयोजकाने भाड्याने आणलेला. नावाजलेले बँड आपल्या टेक रायडरमध्ये हवा तो अ‍ॅम्प लिहून देऊ शकतात. कॉलेज फेस्टिव्हलमध्ये वाजवणाऱ्या मुलांना कोण विचारतो? पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत किंवा तशाच स्पर्धेत एकामागून एक बँड चढतात तेव्हा सगळे त्याच बॅकलाइनवर वाजवतात. तेवढ्या वेळात अ‍ॅम्प बदलणं शक्यच नसतं.

‘मग आपलाच घेऊन जायचा,’ असं म्हणणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता अंधेरीहून विरार गाडी पकडून दाखवावी. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलोचा असतो. पाठीला गिटार, हातात २९ किलो. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ साली सुरू झाल्यापासून मध्य रेल्वेकडच्या मुलांना अंधेरीच्या जॅमरूम जवळ झाल्या हे खरं, पण जवळ झाल्या त्या गिटारसाठी. अ‍ॅम्प जिथे आहे तिथेच राहतो.

आता सांगा, प्रश्नावलीत लिहिलेला ‘मार्शल’ यांपैकी कोणता? माझ्या बाबतीत दुसरा. कुणाच्या बाबतीत पहिला असेल. विश्लेषणात मात्र दोन्ही एकाच कॉलममध्ये जाणार आणि त्यावर काय-स्क्वेअर लावला जाणार.

मेसमधला दुधी

हॉस्टेलच्या मेसमध्ये आठवड्यातून चार दिवस दुधीची भाजी असते आणि तुम्ही ती चारही दिवस खाता. म्हणून तुम्हाला कोणी ‘दुधीनिष्ठ’ म्हणत नाही. ही गोष्ट सगळ्यांना कळते. तीच गोष्ट कंपनीच्या नावाने आली की सुटते.

संशोधनात हा फरक खूप आधी मांडला गेला आहे. जेकोबी आणि कायनर यांनी १९७३ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मध्ये एक पेपर लिहिला. ब्रँडनिष्ठा आणि नुसती पुनःपुन्हा केलेली खरेदी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हाच त्याचा विषय. निष्ठेसाठी त्यांनी सहा अटी घातल्या. थोडक्यात: कल योगायोगाने नसावा, तो कृतीत दिसावा, काही काळ टिकावा, निर्णय घेणारा कोणीतरी असावा, त्याच्यासमोर एकाहून जास्त ब्रँड असावेत आणि निवडीमागे काही मानसिक प्रक्रिया असावी.

माझं उत्तर या चाळणीतून घालून पाहा. कृती आहे, काळ आहे. पण निर्णय घेणारी मी नाही, जॅमरूमचा मालक आहे. आणि एकाहून जास्त ब्रँड समोर नाहीतच. दोन अटींवर नापास, तरी प्रश्नावलीत डिस्टिंक्शन.

पुढे १९९४ साली डिक आणि बासू यांनी हे आणखी सोपं करून दिलं. एका बाजूला मनातला कल, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष वापर. दोन्ही जास्त असतील तर खरी निष्ठा. वापर जास्त पण कल कमी, तर ती आभासी निष्ठा. कल जास्त पण वापर कमी, तर सुप्त निष्ठा. दोन्ही कमी, तर निष्ठा नाही.

उपनगरातल्या गिटारिस्टना या चार खणांत बसवायला गेलं की लक्षात येतं की बरीच मंडळी मधल्या दोन खणांत जाण्याची शक्यता आहे. जॅमरूममध्ये जे आहे त्यावर वर्षानुवर्षं वाजवणारे आभासी खणात. आणि घरात छोटा क्यूब ठेवून फोनच्या वॉलपेपरवर व्हॉक्स एसी३० लावणारा मुलगा सुप्त खणात. ज्युनिअरच्या प्रश्नावलीत पहिल्या प्रकारचे लोक निष्ठावान ठरतात आणि दुसऱ्या प्रकारचे दिसतच नाहीत. म्हणजे ती मोजते ते नेमकं उलटं.

पर्याय नसण्याचा इतिहास

ही आजची गोष्ट नाही. १९९१ आधी परदेशी अ‍ॅम्प आयात करणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. गाण्याच्या कार्यक्रमांत, गणपतीत, ऑर्केस्ट्रात जी सभा-समारंभाची ध्वनियंत्रणा असे, त्यातच गिटारही जोडली जायची. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून अ‍ॅम्प बनवून घेणं हाही एक मार्ग होता. धोबी तलावजवळचं फुर्टाडोज १८६५ पासूनचं. पण दुकान जुनं असलं म्हणून जगभरचे अ‍ॅम्प फळीवर होते असं नाही. १९८६ साली रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक सुरू झाला. तिथे आणि पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर त्याच महोत्सवाला गर्दी करणाऱ्यांच्या मनात मार्शलच्या थप्पीची प्रतिमा आधी पोस्टरवरून आणि कॅसेटच्या कव्हरवरून आली. हात लागला तो खूप नंतर. वापराच्या आधी कल तयार झाला होता. डिक-बासूंचा सुप्त खण म्हणतात तो हाच.

आणि खुद्द मार्शलचा जन्म कशात आहे पाहा. १९६२ साली लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात पहिला जेटीएम४५ बनला. त्याचं सर्किट फेंडरच्या बासमनवरून जवळजवळ जसंच्या तसं घेतलं होतं. कारण? अमेरिकेहून येणारे फेंडर ब्रिटनमध्ये फार महाग पडायचे. जगातली सगळ्यात गाजलेली ‘आम्ही मार्शलवाले, तुम्ही फेंडरवाले’ ही फाळणी एका आयातीच्या अडचणीतून सुरू झाली. निष्ठेच्या मुळाशी उपलब्धता असते ती अशी.

मग ‘ब्रँड’ म्हणजे नक्की काय मोजलं?

याच उदाहरणात दुसरा धडा आहे. सर्किट जवळजवळ तेच, तरी आवाज वेगळा. का? काही ट्यूब वेगळ्या होत्या. बासमनमध्ये १० इंची चार स्पीकर मागून उघड्या पेटीत होते, तर मार्शलने १२ इंची चार सेलेस्टियन बंद पेटीत घातले. फरक नावात नव्हता, स्पीकर-पेटीत आणि भागांत होता.

आजच्या बाजारात तर हे आणखी गुंतागुंतीचं आहे. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प. ‘खरा आवाज फक्त ट्यूबचा’ म्हणणारेही त्याच्या स्वच्छ आवाजाला मान देतात. फेंडरने २०१९ मध्ये ट्विन रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती आणली, नाव ‘टोन मास्टर’, वजन साधारण १५ किलो. बाहेरून तोच चेहरा, आत ट्यूब नाही. हा घेणारा फेंडरशी निष्ठावान की ट्यूबशी बेइमान? प्रश्नावलीत एकच रकाना असेल तर याचं उत्तर निघणार नाही. ब्रँड, तंत्रज्ञान, स्पीकर, किंमत आणि वजन हे पाच वेगळे चल आहेत. ते एकत्र फिरत असतील तर ‘ब्रँडचा परिणाम’ असं लिहायचा हक्क तुम्हाला नाही. व्हायवाला बाहेरचे परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतील.

जाता जाता, एका पेपरबद्दल सावध राहा. रसेल हॅम यांचा १९७३ चा ट्यूब विरुद्ध ट्रान्झिस्टर हा पेपर गिटारच्या चर्चेत सतत पुढे केला जातो. तो वाचलात तर कळेल की त्यात तपासले आहेत स्टुडिओतले मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्प. गिटार अ‍ॅम्पला तो निष्कर्ष लागू पडेलही, पण ते त्या पेपरने सिद्ध केलेलं नाही. शीर्षक वाचून उद्धृत करू नका.

निष्ठा शून्य धरून बघा

ज्युनिअर संख्याशास्त्राची आहे, म्हणून तिला हा हिशोब फोनवर सांगितला. समजा कोणाचीच कशावर निष्ठा नाही. आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. क कंपनीचा अ‍ॅम्प ६० टक्के जॅमरूममध्ये आहे, ख चा १० टक्के. प्रत्येकजण दर वेळी मिळेल त्या जॅमरूममध्ये जातो.

लागोपाठ तीन वेळा क मिळण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे २१.६ टक्के. ख ची ०.१ टक्का. एकदा क वर वाजवलेल्याला पुढच्या वेळीही क च मिळण्याची शक्यता ६० टक्के, ख वाल्याला ख मिळण्याची १० टक्के. तुमचा तक्ता सांगेल, ‘क च्या वापरकर्त्यांत निष्ठा सहापट.’ प्रत्यक्षात निष्ठा शून्य आहे, आपणच ती शून्य धरली होती.

मोठ्या ब्रँडला वापरणारेही जास्त आणि ते टिकतातही थोडे जास्त, लहान ब्रँडला दोन्हीकडून मार. या निरीक्षणाला ‘डबल जेपर्डी’ म्हणतात. मॅकफी यांनी १९६३ मध्ये ते मांडलं आणि एरनबर्ग व सहकाऱ्यांनी अनेक बाजारपेठांत दाखवलं. तेव्हा आधी हा पाया काढा. पुनर्वापर या पायापेक्षा *जास्त* असेल, तेवढ्याच जास्तीच्या भागावर निष्ठेबद्दल बोला.

‘डोळे बांधून ऐकवा’ हे उत्तर पुरेसं आहे का?

प्रश्नावलीवर टीका केली की दुसऱ्या टोकाचा सल्ला लगेच येतो: ब्लाइंड टेस्ट घ्या, दूध का दूध होईल. यातही गोम आहे.

अशा चाचण्यांचा सगळ्यात गाजलेला नमुना व्हायोलिनचा. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली इंडियानापोलिसला २१ अनुभवी वादकांना हॉटेलच्या खोलीत, मंद प्रकाशात, वेल्डरचा गॉगल लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, त्यात दोन स्ट्राडिव्हारी. २०१२ मध्ये निकाल आला: सर्वात आवडलेलं नवं होतं, सर्वात नावडलेलं एक स्ट्राडिव्हारी. टीका झाली की खोली लहान, वेळ कमी. मग त्यांनी पुढचा प्रयोग दहा नामवंत एकल वादकांवर केला. ७५ मिनिटांची दोन सत्रं, एक सरावाच्या खोलीत, एक ३०० आसनांच्या सभागृहात. दहापैकी सहा जणांनी तरीही नवं व्हायोलिन निवडलं. टीकेला उत्तर कसं द्यायचं ते इथून शिका: वाद घालून नाही, आक्षेप प्रयोगात घालून.

गिटारकडेही असं काम आहे. २०१८ मध्ये कार्कान्यो आणि सहकाऱ्यांनी ५२ गिटारिस्टना सहा अकूस्टिक गिटार दिल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूच्या लाकडाचा, त्यात ब्राझिलियन रोजवूड होतं आणि आपलं शिसवीही. डोळे झाकल्यावर सहाही गिटारना जवळपास सारखेच गुण पडले.

अ‍ॅम्पवर असा प्रयोग करायचा तर तीन पथ्यं पाळा. एक, आवाजाची पातळी मोजून सारखी करा. थोडा मोठा असलेला अ‍ॅम्प लोकांना ‘चांगला’ वाटतो, आणि फ्लेचर-मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की पातळी बदलली की खर्ज आणि तार सुरांचा तोलही बदललेला ऐकू येतो. दोन, ट्यूबची चाचणी असेल तर स्पीकर तोच ठेवा. तीन, नशिबाचा हिशोब ठेवा. दहापैकी नऊ किंवा जास्त वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर ओळखण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे जेमतेम १ टक्का. पण वीस जणांना बसवलंत, तर त्यांतला निदान एकजण नुसत्या नशिबाने ‘सोन्याच्या कानाचा’ ठरण्याची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास जाते. त्या एकाचा व्हिडिओ फिरतो, बाकीच्या एकोणीसांचा कोणी बघत नाही.

आणि हे सगळं नीट केलंत तरी ब्लाइंड टेस्ट काय सांगते? आवाज वेगळा ओळखू येतो का, एवढंच. निष्ठा चुकीची आहे की बरोबर, हे ती सांगत नाही. कारण वादक अ‍ॅम्प नुसता ऐकत नाही, तो *चालवतो*. कॉलेज फेस्टिव्हलला साउंडचेकसाठी पाच मिनिटं मिळतात. समोर ओळखीचं पॅनल असेल तर हात आपोआप नॉबवर जातो: मिडल थोडा वर, गेन दुपारच्या दोनला, झालं. अनोळखी पॅनल असेल तर पहिलं गाणं वाया. ही सवय म्हणजे कमावलेलं ज्ञान आहे, भाबडेपणा नाही. ब्लाइंड टेस्ट नेमकी हीच गोष्ट प्रयोगातून काढून टाकते आणि मग काहीजण जाहीर करतात की गिटारिस्टच्या डोक्यात भ्रम आहे. हे मला पटत नाही. ज्युनिअरची प्रश्नावली सवयीला निष्ठा म्हणते, आणि ही मंडळी सवयीला अंधश्रद्धा म्हणतात. दोघंही सवय मोजतच नाहीत.

‘का?’ हा प्रश्न

राहिला शेवटचा प्रश्न: ही कंपनी का निवडलीत? मी लिहिलं होतं, ‘आवाज आवडतो’. खोटं नव्हतं. पण कारणही नव्हतं.

निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ साली याचं एक नमुनेदार उदाहरण दिलं. दुकानात नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीत मांडल्या आणि सर्वात चांगली कोणती ते विचारलं. चारही एकसारख्याच होत्या. अगदी उजवीकडची जोडी डावीकडच्या जोडीच्या जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली. कारण विचारल्यावर विणीबद्दल, पोताबद्दल बोलले, जागेचं नाव कोणी काढलं नाही. ‘उजवीकडे होती म्हणून?’ असं सुचवल्यावर जवळजवळ सगळ्यांनी नाकारलं.

माझा मार्शलही जॅमरूममध्ये दारातून शिरल्यावर पहिला दिसतो. मी ‘आवाज’ लिहिलं. ‘का’ हा प्रश्न विचारा, पण उत्तर कारण म्हणून नोंदवू नका. लोक आपल्या निवडीची गोष्ट कशी सांगतात याचा तो डेटा आहे.

मग तिने काय बदललं

फोनच्या शेवटी आम्ही मिळून प्रश्नावली पुन्हा लिहिली. ती परिपूर्ण नाही, पण आता ती निदान स्वतःच्या नावाला जागते.

‘तुम्ही कोणता अ‍ॅम्प वापरता?’ याऐवजी: शेवटच्या दहा वेळा कुठे वाजवलंत? घरी, जॅमरूम की स्टेज? प्रत्येक वेळी अ‍ॅम्प कोणता होता, तो कोणी निवडला होता आणि त्याच वेळी तिथे दुसरा कोणता उपलब्ध होता? शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद निष्ठेच्या हिशोबात धरायचीच नाही.

विकत घेतलेल्या अ‍ॅम्पसाठी वेगळा भाग: पैसे कोणी दिले, घेण्याआधी किती अ‍ॅम्प प्रत्यक्ष वाजवून पाहिले, किती फक्त व्हिडिओवर पाहिले, आणि जुना विकताना किंमत येईल का हा विचार केला होता का.

मनातल्या कलासाठी: किंमत आणि वजन सारखं असेल तर कोणता घ्याल? मग आवडत्याची किंमत थोडी थोडी वाढवत जायची आणि उत्तर कुठे बदलतं ते बघायचं. खरी निष्ठा असेल तर ती इथे, पैशांत दिसेल.

आणि सॅम्पल. ती आधी एका जॅमरूमच्या बाहेर उभी राहून लोक गोळा करणार होती. तसं केलं असतं तर गिटारिस्टची नाही, त्या मालकाची निष्ठा मोजली गेली असती. आता वेगवेगळ्या जॅमरूम, कॉलेजचे बँड, आणि बँडमध्ये नसलेले, फक्त घरी वाजवणारे अशी यादी करते आहे. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती घ्यायची आहे, हेही राहिलं होतं.

सॅम्पल लहान होईल, वेळ जास्त जाईल. ती थोडी वैतागली आहे, कारण गाईडनी जुनी प्रश्नावली आधीच मंजूर केली होती. आता त्यांना पुन्हा जाऊन सांगायचं आहे. मी म्हटलं, माझ्या उत्तराचा नमुना सोबत ने. सहा वर्षं मार्शल, एकही खरेदी नाही, गुण ‘उच्च’. एवढं एक उदाहरण पुरेल.

हे इतकं का ताणायचं, असं वाटेल. अ‍ॅम्पच तर आहे. पण ‘उपनगरातल्या गिटारिस्टमध्ये अमुक ब्रँडची निष्ठा उच्च’ हे वाक्य एकदा छापलं गेलं की ते फिरतं. दुकानदार ते वाचून तोच माल भरतो, जॅमरूमवाला तोच घेतो, पर्याय आणखी कमी होतात. आणि बोरिवलीची एखादी मुलगी शिकवण्यांचे साठवलेले पैसे घेऊन दुकानात जाते तेव्हा तिला सांगितलं जातं, ‘सगळे हाच घेतात.’ पुढच्या सर्वेक्षणात तीही निष्ठावान निघते.

तुमची प्रश्नावली आज उघडा. विषय अ‍ॅम्प नसेल, टूथपेस्ट असेल, बँक असेल, कोचिंग क्लास असेल. ‘तेव्हा दुसरं काय उपलब्ध होतं?’ हा रकाना तिच्यात आहे का, तेवढं बघा. नसेल तर फॉर्म पुढे पाठवायच्या आधी मला कमेंटमध्ये लिहा. या वेळी मी नुसतं ‘छान आहे’ म्हणणार नाही.